खून सुचतात कुठून?

रहस्यकथा लिहिणाऱ्या लेखकाला एक प्रश्न आयुष्यभर चुकत नाही. 'अहो, हे इतके खून तुम्हांला सुचतात तरी कुठून?' विचारणाऱ्याच्या नजरेत कौतुक असते आणि किंचित संशयही! समोरचा गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन उभा असतो, संध्याकाळी नातवंडांचा अभ्यास घेतो आणि रात्री पानापानावर मुडदे पाडतो. हे कोडे वाचकाला काही केल्या उलगडत नाही.

मला या प्रश्नाने पुष्कळ वर्षे नादी लावले आहे. नगरसारख्या गावात वाढलेल्या माझ्या पिढीने बाबूराव अर्नाळकर भाड्याने आणून, अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचले. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही मंडळी आम्हांला घरच्यासारखी. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांना त्या सुचल्या कुठून? एक उत्तर सरळ आहे. एडगर वॉलेससारख्या इंग्रजी लेखकांचे त्यांचे वाचन दांडगे होते. पण तेवढ्याने भागत नाही. काळापहाड कायद्याला चकवतो, पण दुबळ्याच्या बाजूने उभा राहतो. ज्या वाचकाला कचेरीत आणि चौकीवर दाद मिळत नव्हती, त्याच्या मनातली न्यायाची भूक अर्नाळकरांनी अचूक ओळखली होती.

गंमत पाहा, अर्नाळकरांचे मुंबईत चष्म्याचे दुकान होते. आणि शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉयल याने १८९१ साली लंडनमध्ये नेत्रवैद्य म्हणून पाटी लावली होती! रुग्ण काही फिरकेनात, म्हणून रिकाम्या वेळात त्याने होम्सच्या कथा लिहिल्या. होम्स त्याला सुचला होता तो मात्र त्याआधीच, एडिंबरोतील आपल्या गुरूवरून. डॉ. जोसेफ बेल हे रुग्णाकडे नुसते पाहून त्याचा धंदा नि गाव सांगत. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गुप्तहेराचा जन्म कुठल्या खुनातून झालेला नाही. तो झाला एका शिक्षकाच्या बारीक नजरेतून.

शिक्षकांवरून आमच्या नगरचे नाव निघणारच. मधुकर तोरडमल हे रंगभूमीवर गाजण्यापूर्वी अहमदनगर कॉलेजात इंग्रजी शिकवत. 'तरुण तुर्क म्हातारे अर्क'मधले त्यांचे प्राध्यापक बारटक्के सर्वांना आठवतात. पण याच तोरडमलांनी अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथा मराठीत आणल्या, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. या ख्रिस्तीबाईंचे प्रेरणास्थान तर दवाखान्यातले औषधांचे कपाट! पहिल्या महायुद्धात त्या रुग्णालयात औषधे देण्याचे काम करीत. विषांचे ज्ञान त्यांना तिथे झाले. त्यांच्या गावी बेल्जियमचे निर्वासित येऊन राहिले होते. त्यांवरून पायरो सुचला.

पण बाईंनी खरा गुन्हाही वापरला. १९४५ साली इंग्लंडमध्ये, सरकारने सांभाळायला दिलेला एक लहान मुलगा पालक कुटुंबाच्या छळाने मेला. सारा देश हळहळला. त्या घटनेचा धागा 'द माउसट्रॅप' या नाटकात आहे. हे नाटक १९५२ साली लंडनमध्ये सुरू झाले आणि करोनाच्या काळातला खंड सोडला तर चालूच राहिले. नाटकात त्या मुलाचे नाव नाही, गाव नाही. आहे तो फक्त प्रश्न : ज्याला कोणी वाचवले नाही, त्याचा हिशेब कोणी द्यायचा?

मला वाटते, खरी मेख इथेच आहे. घटना कोणती घेतली याहून ती कोणाच्या बाजूने पाहिली, हे महत्त्वाचे. आणि याचा मोठा धडा आपल्या शेजारीच घडलेला आहे.

निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर पुढे नळदुर्गाकडे, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, कारभार पाहत होता. त्याआधी, १८३९ साली, त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी निघाली. पकडलेल्या ठगांच्या जबान्यांचा तिला आधार होता. विलायतेत ती अमाप खपली. वाचताना आजही अंगावर काटा येतो. पण वाटसरूचा गळा आवळणारे गूढ, जन्मजात गुन्हेगार हिंदुस्थानात वावरतात, ही समजूतही अशा लिखाणाने तिकडे घट्ट झाली. १८७१ साली सरकारने कायदाच केला आणि पुढे त्याखाली जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरल्या. हा कायदा १९५२ साली गेला. शिक्का मात्र पुसला नाही. श्रीगोंदा-कर्जत-जामखेडकडच्या एखाद्या पारध्याला विचारा. गावात चोरी झाली, की पहिली चौकशी कोणाच्या पालावर होते, हे तो सांगेल.

टेलरच्या पुस्तकाला मराठीत उत्तर मिळायला एकशेवीस वर्षे जावी लागली. १९५९ साली अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' आली. वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेल्या अण्णा भाऊंना फकिरा कुठल्या सरकारी दफ्तरात सापडला नाही. तो आपल्या माणसांच्या आठवणींत भेटला. सरकारच्या लेखी तो दरोडेखोर. कादंबरीत तो दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो आणि हजेरीच्या जाचाविरुद्ध उभा राहतो. टेलरने जबानी ऐकली ती अधिकाऱ्याच्या खुर्चीतून. अण्णा भाऊंनी ऐकली ती चुलीपाशी बसून. गुन्ह्याची कथा कोण सांगतो, यावर गुन्हेगार कोण हे कितीदा ठरत असते!

आज हा प्रश्न अधिक जवळ आला आहे. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते ७४ या काळात खुनांची मालिका घडली. रमाकांत कुलकर्णी या पोलीस अधिकाऱ्याने तिचा छडा लावला. त्यावर २०२४ साली वेब मालिका आली आणि घरोघर पाहिली गेली. पाहावी, जरूर पाहावी. पण आपल्या जिल्ह्यातल्या, आता अहिल्यानगर म्हणायचे त्या जिल्ह्यातल्या, काही गावांची नावेही गेल्या दहा-बारा वर्षांत अशाच भयंकर गुन्ह्यांमुळे महाराष्ट्राच्या तोंडी झाली आहेत. ती नावे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. त्या गावांत आजही माणसे राहतात. मुली सायकलवरून शाळेला जातात. सोयरीक जुळवताना गावाचे नाव सांगितले की समोरचा क्षणभर गप्प होतो. त्या आईबापांच्या दुःखावर उद्या कोणी रंजक कादंबरी बेतली, तर तिला प्रेरणा म्हणायचे की उचलेगिरी?

म्हणून लिहू पाहणाऱ्या तरुणांना मला एवढेच सांगावेसे वाटते. वर्तमानपत्रातली बातमी वाचा, कोर्टात जाऊन बसा, जबान्या ऐका. पण मेलेल्याचे नाव आणि त्याच्या घराचा उंबरा तिथेच ठेवून या. येताना बरोबर फक्त प्रश्न आणा : हे घडू कसे दिले गेले? शेजाऱ्याने ऐकले होते का? तक्रार कोणी लिहून घेतली नाही? खून कोणी केला, हे शेवटच्या पानावर कळते नि विसरले जाते. हा दुसरा प्रश्न ज्याने नीट विचारला, त्याचे पुस्तक मिटल्यावरही वाचकाला झोप लागत नाही.