खरेदी-खात्यांतील शिकाऊ उमेदवार

उमेदवारी हा शब्द आपल्याला नवा नाहीं. कचेरींत जागा रिकामी होईपर्यंत बिनपगारी लेखन करीत बसलेला होतकरू तरुण, अशी उमेदवाराची एके काळीं ओळख होती. आज त्या शब्दामागें कायदा उभा आहे. १९६१ सालीं शिकाऊ उमेदवारांसंबंधींचा कायदा झाला, १९७३ मध्यें अभियांत्रिकीचे पदवीधर त्याच्या कक्षेंत आले, आणि २०१४ च्या दुरुस्तीनें इतर शाखांच्या पदवीधरांसही तें दार उघडलें. पदवीचा अभ्यास चालू असतांनाच कारखान्यांत काम शिकणारा विद्यार्थीही आतां त्यांत बसतो. त्याला पदवी-उमेदवार म्हणतात. इंग्लंडांत ह्या जातीची उमेदवारी २०१५ पासून सुरू झाली. तेथें तो पगारी नोकर असतो व विद्यापीठाची फी त्याच्या खिशांतून जात नाहीं. आपल्याकडे तो कायद्याच्या दृष्टीनें नोकर नव्हे, शिकणारा आहे. हा भेद ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

वडगांव रासाई हें आमचें गांव शिरूर तालुक्यांत भीमेच्या कांठीं वसलेलें आहे. नदी ओलांडली कीं दौंड तालुका लागतो. मुलूख उसाचा. ह्याच शिरूर तालुक्यांत रांजणगांवला औद्योगिक वसाहत झाली आणि मोटारी, शीतकपाटें, कपडे धुण्याचीं यंत्रें तयार करणारे मोठे कारखाने तेथें आले. ज्यांना मीं पाढे शिकविले त्यांतले कांहीं जण आज निरनिराळ्या कारखान्यांच्या खरेदी-खात्यांत उमेदवारी करीत आहेत. सुटीच्या दिवशीं ते गांवीं येतात तेव्हां मी त्यांना खोदखोदून विचारतों. मास्तरकीची सवय सुटत नाहीं. मुलगा 'खरेदीला बसला' असें ऐकलें कीं गांवांतल्या माणसाला वाटतें, पोरगा बाजारांत हिंडून घासाघीस करीत असेल. शहरांतल्या सुशिक्षित घरींही ह्याहून फार निराळी कल्पना नसते. वस्तुतः पहिले दोन-तीन महिने त्याला भावाविषयीं तोंड उघडण्याचा प्रसंगच येत नाहीं. सारा व्यवहार लेखी, आणि तो संगणकावर.

ज्या खात्याला वस्तु हवी तें खातें प्रथम मागणीपत्र पाठवितें. किती नग, कोणत्या मापाचे, केव्हांपर्यंत, हें त्यांत असतें. तें घेऊन उमेदवारानें निदान तीन पुरवठादारांकडून दरपत्रकें मागवावयाचीं व त्यांचा तुलनात्मक तक्ता करावयाचा. हा तक्ता म्हणजे त्याची खरी शाळा. समजा, दहा हजार पुठ्ठ्याचीं खोकीं हवीं आहेत. पहिला पुरवठादार खोक्यास ४२ रुपये सांगतो, पण गाडीभाडें खोक्यामागें २ रुपये वेगळें. दुसरा ४३ रुपये ५० पैसे सांगतो, माल कारखान्याच्या दारांत पोंचवून. तिसरा ४१ रुपयांतच पोंचवून देतो, मात्र पंचवीस हजारांखालीं माल देत नाहीं. वरवर पाहणारा तिसऱ्यावर बोट ठेवील. हिशेब केला तर पहिल्याचा माल ४,४०,००० रुपयांस पडतो, दुसऱ्याचा ४,३५,००० रुपयांस, आणि तिसऱ्यासाठीं १०,२५,००० रुपये एकदम मोकळे करावे लागतात. शिवाय जादा पंधरा हजार खोकीं ठेवावयास जागा पाहिजे, आणि पावसाळा असला तर पुठ्ठा ओल धरतो. उधारीचे दिवस, माल पोंचण्यास लागणारा अवधि, मागल्या खेपेस किती माल नापास झाला, हे रकाने आणखी निराळे. आम्ही शाळेंत नफा-तोट्याचीं जीं उदाहरणें घालीत होतों तीं ह्यापुढें फारच सोपीं. त्यांत पाऊस कधींच नसे.

तक्त्यावरून वरिष्ठ निर्णय घेतात आणि खरेदीची ऑर्डर निघते. उमेदवार ती तयार करतो. मंजूर करण्याचा अधिकार त्याला नसतो. मागणी करणारा, ऑर्डर देणारा, माल उतरून घेणारा आणि पैसे देणारा हीं चार माणसें निराळीं ठेवावीं, असा मोठ्या कारखान्यांचा दंडक आहे. एकाच्याच हातीं हीं चारही कामें आलीं तर न आलेल्या मालाचेही पैसे जाऊं शकतात. माल आल्यावर तीन कागद एकमेकांशीं जुळवावयाचे: ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद व बिल. ऑर्डर १०,००० खोक्यांची, आलीं ९,८००, त्यांतलीं १५० तपासणींत नापास. तेव्हां पैसे ९,६५० खोक्यांचे, म्हणजे ४,१९,७७५ रुपये व त्यावरील कर. बिल पुऱ्या दहा हजारांचें आलें असेल तर संगणक तें अडवून ठेवतो. अशा वेळीं खुर्ची सोडून गुदामांत जावें लागतें, आणि हें काम बहुधा उमेदवाराच्याच वांट्याला येतें.

ह्या अडलेल्या बिलाविषयीं थोडें विस्तारानें बोलावयास हवें. तीन कागद जुळले नाहींत तर कारखान्याचें कांहीं अडत नाहीं, माल तर हातीं आलेला असतो. अडतें तें दुसऱ्या टोकाला. तेथें पुष्कळदां पंधरा-वीस कामगारांचा छोटा कारखाना असतो, आणि त्याचा महिन्याचा पगार ह्याच बिलावर असतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणें अशा सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे लांबवितां येत नाहींत. करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट व्याज द्यावें लागतें, तेंही दरमहा चक्रवाढीनें. माल पोंचल्यावर पंधरा दिवसांच्या आंत लेखी हरकत घेतली नाहीं तर माल पोंचला तोच दिवस स्वीकाराचा धरला जातो. म्हणजे कोणाच्या टेबलावर नोंद पडून राहिली म्हणून मुदत थांबत नाहीं. २०२३ च्या अर्थविषयक कायद्यानें आणखी एक पेंच घातला: असे पैसे मुदतींत दिले नाहींत तर प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकराच्या हिशेबांत ते खर्च म्हणून दाखवितां येत नाहींत.

आमच्या भागांतल्या मुलाला हें फार समजावून द्यावें लागत नाहीं. १९६६ च्या ऊस-नियंत्रण आदेशांत ऊस घातल्यापासून चौदा दिवसांच्या आंत पैसे द्यावेत व पुढें झालेल्या उशिरावर शेंकडा १५ व्याज द्यावें, असें लिहिलेलें आहे. तरीही बिलाची वाट पाहणें उसाच्या घरांत कोणाला नवें नाहीं. विकणाऱ्याच्या अंगणांत वाढलेला हा मुलगा आतां घेणाऱ्याच्या खुर्चीवर बसतो. माझ्या एका विद्यार्थ्याला भोसरीच्या एका कारखानदाराचा दूरध्वनि आला. माणूस वडिलांच्या वयाचा, आणि ह्या बावीस वर्षांच्या मुलाला 'साहेब, तेवढें बिल बघा' म्हणून विनवीत होता. मुलाला शरम वाटली. 'काका, साहेब म्हणूं नका, पाहतों,' असें म्हणून तो उठला. बिल एकोणीस दिवस अडून होतें. ऑर्डर डझनांत होती आणि गुदामांत नोंद नगांत झाली होती, इतकेंच. दुरुस्तीला अर्धा तास पुरला. उमेदवारींत शिकण्याजोगें जें आहे तें मला ह्या अर्ध्या तासांत दिसतें. किंमत पाडून घेणें कोणीही शिकेल. आपल्या एका नोंदीवर कोणाचा पैसा अडून आहे हें ओळखणें मात्र ह्याच खात्यांत बसल्याशिवाय येत नाहीं.

मोहाचे प्रसंगही येथेंच. दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा येतो. प्रतिस्पर्ध्यानें काय दर भरला, हें सहज विचारल्यासारखें विचारलें जातें. पहिल्या गोष्टीवर बहुतेक मोठ्या कारखान्यांचा लेखी निर्बंध असतो; दुसरी गोष्ट बोलून टाकणाऱ्याला पुन्हा दरपत्रकाजवळ कोणी बसूं देत नाहीं, आणि तें योग्यच आहे.

आतां घरच्यांच्या प्रश्नाकडे वळतों. ते विचारतात, पैसे किती मिळतात? २०१९ च्या नियमांनीं पदवीधर व पदवी-उमेदवार ह्यांच्यासाठीं दरमहा ९,००० रुपये हें किमान विद्यावेतन ठरविलें. पुष्कळ मोठे कारखाने त्याहून अधिक देतात. त्यांतून भविष्य-निर्वाह-निधीची कपात होत नाहीं, कारण तो नोकर नव्हे. नगावर मजुरी देतां येत नाहीं, आणि उमेदवारी-सल्लागाराच्या परवानगीवांचून जादा वेळ काम घेतां येत नाहीं. त्याच नियमांप्रमाणें तीस किंवा त्याहून अधिक माणसें असलेल्या आस्थापनेनें शेंकडा अडीच ते पंधरा उमेदवार घ्यावयाचे असतात; एक हजारांच्या कारखान्याला निदान पंचवीस. तेव्हां उमेदवार घेणें हा कारखान्याचा उपकार नव्हे. परंतु मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचें बंधन कायदा सामान्यतः घालीत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

माझ्या मतें विद्यावेतनाच्या आधीं दोन गोष्टी विचाराव्या. पहिली, उमेदवारीचा करार रीतसर नोंदला गेला आहे काय? पदवीधरांचें हें काम आपल्या प्रांतापुरतें मुंबईचें उमेदवारी प्रशिक्षण मंडळ पाहतें. नोंद नसेल तर 'ट्रेनी' हें नुसतें नांव. कायद्याचें संरक्षण व मंडळाचें प्रमाणपत्र दोन्ही दुरावतात. दुसरी, तो कोणकोणत्या मेजांवर बसणार? मागणी, तक्ता, ऑर्डर, गुदाम, बिल, आणि साधल्यास पुरवठादाराच्या कारखान्याची एखादी भेट, एवढें वर्षांत झालें तर वर्ष कारणीं लागलें. बारा महिने एकाच मेजावर बिलांचे आंकडे भरीत बसविलें तर स्वस्तांतला कारकून मिळाला, उमेदवाराच्या पदरांत कांहीं पडलें नाहीं. अशीं उदाहरणें मीं पाहिलीं आहेत, आणि मुलगा भिडस्त असला कीं तो घरीं बोलत नाहीं. महिन्यांतून एकदां त्याची दैनंदिनी मागून पाहावी. उमेदवारानें आपल्या कामाची नोंद ठेवावी असा नियमच आहे.

गेल्या वर्षीं आमच्याकडचे दोघे जण ही उमेदवारी पुरी करून बाहेर पडले. एकाला त्याच खात्यांत ठेवून घेतलें. दुसऱ्याला जागा नव्हती; तो एका पुरवठादाराच्या कारखान्यांत लागला आहे, आणि बिलें पाठविणें हें आतां त्याचें काम आहे.