पेशी रांग मोडतात, तेव्हा पंख फुटतो

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला 21 दिवस लागतात. दुसरा दिवस सरत येतो तेव्हा गर्भाचं हृदय धडधडत असतं, डोळे आकार घेत असतात. पण पंख किंवा पाय म्हणावं असं काहीच नसतं. धडाच्या दोन्ही कडा सपाट. तिसऱ्या दिवशी कवचाला छोटी खिडकी पाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्याच कडांवर फुगवट्यांच्या दोन जोड्या दिसतात. पुढची पंखांची, मागची पायांची.

हा फुगवटा येतो कुठून? तिथल्या पेशी जोमाने वाढत राहतात आणि मधल्या कुशीतल्या मंदावतात, हे उत्तर बरीच वर्षं दिलं गेलं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. 2014 मध्ये जेरोम ग्रो आणि क्लिफर्ड टॅबिन यांनी त्याच्याही आधीची पायरी दाखवली. धडाच्या कडेच्या या पेशी सुरुवातीला एकमेकींना घट्ट चिकटून एका थरात उभ्या असतात, पंगतीत बसल्यासारख्या. जिथे पंख यायचा, तिथे त्या ही रांग मोडतात, सुट्या होतात आणि आतल्या जागेत दाटी करतात. पंखाचा अंकुर सुरू होतो तो इथे. ‘टीबीएक्स-5’ हे जनुक आणि ‘एफजीएफ-10’ हे प्रथिन, दोघांचाही त्यात हात असतो. बांधलेलं आधी सुटतं आणि मग नवं घडतं, हे मला या शोधातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

‘एफजीएफ-10’चा निरोप पुढे बाहेरच्या त्वचेला पोचतो. अंकुराच्या टोकावर त्वचेची जाडसर कड तयार होते आणि ती ‘एफजीएफ-8’ सोडून आतल्या पेशींना वाढतं ठेवते. 1948 मध्ये अमेरिकेतल्या जॉन सॉन्डर्स यांनी ही कड कापून पाहिली. लवकर कापली तर खांद्याजवळचाच भाग तयार झाला, उशिरा कापली तर पंख बराच पुढपर्यंत गेला.

त्यांचा 1957चा प्रयोग तर विसरता न येणारा. पायाच्या अंकुरातला, पुढे मांडी होणारा ऊतकाचा तुकडा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पंखाच्या अंकुरात टोकाच्या कडेखाली बसवला. तिथे मांडी उगवली नाही, पंखही नाही. नखांसकट पायाची बोटं आली! ‘आपण पायाचे’ हे त्या पेशींनी सोडलं नव्हतं. ‘आपण मांडीचे’ हे मात्र अजून पक्कं झालेलं नव्हतं. त्यामुळे टोकाला जागा मिळाल्यावर त्यांनी टोकाचाच भाग घडवला.

मग मधली कूस रिकामी का राहते? तिथल्या पेशींना अवयव घडवताच येत नाही, असं म्हणावं तर 1995 मध्ये लंडनला मार्टिन कोहन, शेरिल टिकल आणि सहकाऱ्यांनी एफजीएफ प्रथिनात भिजवलेला बारीक मणी गर्भाच्या कुशीत ठेवला आणि तिथे जादा अवयव उगवला. पुढे दिसलं की मणी पंखाजवळ ठेवला तर बहुधा पंख येतो, पायाजवळ ठेवला तर पाय. या जादा अवयवाची बोटं मात्र उलट्या क्रमाने लागतात. एरवी अंकुराच्या मागच्या कडेला चालू होणारा ‘सॉनिक हेजहॉग’ हा संकेत इथे पुढच्या कडेला चालू झालेला असतो.