पुढच्या चाकाचा रबरी आधार

नंदुरबार जिल्ह्यांतील धानोऱ्यासारख्या गांवाचा शहराशीं रोजचा जो व्यवहार चालतो, त्याचा मोठा भार आज पिकअप नांवाच्या लहान मालगाडीवर असतो. पहाटे शेतावर भाजी भरावयाची, ऊन चढण्यापूर्वीं ती बाजारांत पोंचवावयाची आणि परततांना खताच्या गोण्या, सिमेंट अगर एखाद्या मंगलकार्याचें सामान आणावयाचें, असा तिचा नित्यक्रम. हंगामांत नंदुरबारच्या बाजारांत येणारी ओली लाल मिरचीहि पुष्कळदां अशाच गाड्यांतून आलेली असते. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांत तापीकांठची सपाट जमीन आहे, तसे सातपुड्याचे चढउतारहि आहेत. डांबरी रस्ता सोडून गाडी शेताच्या वाटेला लागली कीं चाकोऱ्या, फरशा, नाल्यांचे उतार आणि पावसानें खचलेल्या कडा यांच्याशीं तिची गांठ पडते.

अशा गाडीच्या पुढच्या भागांतून एखाद्या दिवशीं हलकासा ‘टक् टक्’ असा आवाज येऊं लागतो. गाडी चालते, ब्रेक लागतो, माल वेळेवर पोंचतो. म्हणून त्या आवाजाकडे कोणी लक्ष देत नाहीं. परंतु त्याच्या मुळाशीं कित्येक वेळां तळहाताएवढा एक रबरी भाग असतो. मोटारीचे कारागीर त्यास ‘स्ट्रट माउंटिंग’ म्हणतात. हा भाग कोणतें काम करतो, तो कां झिजतो, आणि तो बदलतांना कोणती चूक जिवावर बेतते, हें गाडीच्या मालकानें जाणून घेणें अगत्याचें आहे. शहरांतील ज्या कुटुंबांच्या दारांत लहान मोटार उभी असते, त्यांनाहि ही माहिती तितकीच उपयोगाची. कारण बहुतेक लहान मोटारींत हाच भाग याच जागीं बसविलेला असतो.

चाक आणि वरचा सांगाडा यांच्यामध्यें कांहींतरी लवचिक वस्तु असावी, ही कल्पना मोटारीहून जुनी आहे. साध्या बैलगाडींत अशी वस्तु नसते. वाटेंतला प्रत्येक दगड बसणाऱ्याच्या कमरेला कळतो. टांग्याला आणि बग्गीला पोलादी पाटे आले व प्रवास सुसह्य झाला. मालमोटारींनीं तेच पाटे उचलले. २००५ सालीं बाजारांत आलेल्या टाटा एस या छोट्या मालगाडीलाहि पुढें व मागें पाटेच दिलेले होते. म्हणून पहिली गोष्ट ही कीं, ज्या गाडीच्या पुढच्या चाकांवर पाटे आहेत, तिला येथें वर्णन केलेला आधार नसतोच. तिचा आवाज पाट्यांच्या बुशांतून अगर कड्यांतून येत असतो. आपल्या गाडीची रचना कोणती, हें आधीं पाहावें आणि मग दुरुस्तीचा विचार करावा.

पाट्यांऐवजीं गुंडाळीची स्प्रिंग आणि तिच्या पोटांत तेलानें भरलेला धक्काशोषक, ज्याला गॅरेजमध्यें ‘शॉकअप’ म्हणतात, असा एकच उभा खांब चाकावर बसविण्याची सुटसुटीत रचना अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन इंजिनियरानें सिद्ध केली. दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल मोटर्स कंपनींत एका लहान मोटारीच्या आराखड्यावर तो काम करीत होता. ती मोटार कधींच विक्रीस आली नाहीं. १९४७ सालीं मॅक्फर्सन फोर्ड कंपनींत गेला. आणि १९५० सालीं इंग्लंडांत फोर्डनें कॉन्सल व झेफिर या मोटारी लोकांपुढें मांडल्या, त्यांच्या पुढच्या चाकांना ही रचना होती. या खांबालाच ‘स्ट्रट’ म्हणतात. भारतांत डिसेंबर १९८३ मध्यें मारुति ८०० आली आणि तिच्याबरोबर हा खांब मध्यमवर्गीय घरांच्या दारांपर्यंत पोंचला. २०१६ सालीं निघालेल्या सुपर कॅरी या मारुति सुझुकीच्या मालगाडींतहि पुढें हाच खांब असून मागें मात्र पाटे आहेत.

या खांबाचें खालचें टोंक चाकाच्या ठोकळ्याला दोन जाड बोल्टांनीं जखडलेलें असतें. वरचें टोंक गाडीच्या पत्र्याला थेट जोडलें, तर प्रत्येक खडा बसणाऱ्याच्या कानांत वाजेल. म्हणून मध्यें रबरी आधार घालतात. दोन पोलादी तबकड्यांमध्यें रबर उष्णतेनें पक्कें चिकटवून तो केलेला असतो. १८३९ सालीं चार्ल्स गुडइयर यानें रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची युक्ति शोधली. त्या शोधाचेंच हें एक दूरचें फळ. असें रबर वांकतें, ताणलें जातें आणि पुन्हां मूळ आकारास येतें. आणि तसें करतांना धक्क्यांतील कांहीं शक्ति उष्णतेच्या रूपानें स्वतःंत जिरवितें.

या आधाराचें दुसरें काम कमी महत्त्वाचें नाहीं. स्टेअरिंग फिरविलें कीं चाकाबरोबर हा सबंध खांबहि फिरतो. त्याला वरच्या बाजूस सहज फिरतां यावें म्हणून आधारांत अगर त्याच्या खालीं एक चपटें बेअरिंग असतें. वरचा हा आधार आणि खालचा बॉल जॉइंट यांना जोडणारी काल्पनिक रेषा, हाच चाक वळण्याचा आंस होय. आधाराचें रबर बसलें अगर फाटलें, म्हणजे या आंसाचें वरचें टोंक ढळतें. मग चाकाचा कल बदलतो आणि टायर एका कडेनें झिजूं लागतो. एवढ्याशा रबराची झीज टायरवर उमटते ती अशी. इसुझू डी-मॅक्स अगर टोयोटा हायलक्स यांसारख्या मोठ्या पिकअप गाड्यांत चाक दोन त्रिकोणी भुजांनीं धरलेलें असतें आणि खांब स्टेअरिंगबरोबर फिरत नाहीं. तेथें आधारांत बेअरिंग लागत नाहीं. बाकीची गोष्ट तीच.

रबराचे शत्रु तीन : उष्णता, हवेंतील ओझोन आणि तेल. नंदुरबारकडचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जाणारा. त्यांत इंजिनाची ऊब, धूळ आणि क्षमतेहून अधिक भरलेला माल यांची भर पडली कीं रबर कडक होऊन चिरतें. शेवटीं तें पोलादापासून सुटतें. पावसाळ्यांत बेअरिंगमध्यें पाणी व चिखल शिरून तें गंजतें.

बिघाड ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. हळू चालतांना लहान खड्ड्यांवर ‘टक्’ आवाज येणें, ही रबर सैल झाल्याची खूण. उभ्या गाडींत स्टेअरिंग फिरवितांना स्प्रिंग अडखळून एकदम सुटल्यासारखा आवाज येणें, आणि वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ न होणें, या बेअरिंग अडकल्याच्या खुणा. खात्री करण्यासाठीं एकानें गाडी जागीं उभी ठेवून स्टेअरिंग सावकाश फिरवावें आणि दुसऱ्यानें खांबाच्या वरच्या टोंकावर हात ठेवावा. बेअरिंग अडकलें असेल तर झटका हाताला कळतो. मात्र स्प्रिंगच्या वेढ्यांत बोटें कधींहि घालूं नयेत. असाच आवाज बॉल जॉइंट, लिंक रॉड अगर खालच्या भुजेचा बुश झिजल्यानेंहि येतो. म्हणून तेहि तपासल्यावांचून नवा भाग विकत घेऊं नये.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना पुढून मागून दगड अगर लांकडी उटी लावावी. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वींच थोडे सैल करावे. जॅकनें गाडी उचलल्यावर सांगाड्याखालीं पोलादी घोडी द्यावी. जॅक हें उचलण्याचें साधन आहे, धरून ठेवण्याचें नव्हे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखालीं हात घालणें म्हणजे आपला जीव एका तेलाच्या वॉशरवर टांगणें होय.

चाक काढल्यावर ब्रेकची नळी आणि तार खांबापासून सोडवावी. खालच्या दोन बोल्टांची मूळ जागा खडूनें अगर टोंच्यानें खूण करून ठेवावी, कारण कित्येक गाड्यांत चाकाचा कल त्यांवरच ठरतो. चाकाच्या ठोकळ्याला खालून आधार द्यावा, नाहीं तर त्याचा भार ब्रेकच्या नळीवर येतो. मग खालचे बोल्ट काढावे आणि सर्वांत शेवटीं खांब हातानें धरून वरच्या बाजूचे, आधार पत्र्याला जोडणारे कडेचे नट सोडावे. हे नट कोठें बॉनेटखालीं असतात, तर कोठें बैठकीखालीं.

येथेंच सर्वांत महत्त्वाची सूचना येते. कडेच्या नटांच्या मधोमध एक मोठा नट दिसतो. तो या अवस्थेंत मुळींच सोडूं नये. तो नट दाबलेल्या स्प्रिंगला कोंडून ठेवणारी एकमेव कडी आहे. समजा, खांब बाहेर काढल्यावरहि स्प्रिंग १० सेंटिमीटर दाबलेली आहे आणि तिचा जोर २०० किलोंचा आहे. नट निघतांच तो जोर सरासरी १०० किलोंनीं १० सेंटिमीटर अंतर ढकलीत जाईल. एवढ्या शक्तीनें एक किलो वजनाचा तुकडा १० मीटर उंच, म्हणजे तीन मजल्यांएवढा, उडूं शकतो. समोर कारागिराचा चेहरा असला तर काय होईल, तें सांगावयास नको.

म्हणून स्प्रिंग आवळण्याचें यंत्र, ज्याला स्प्रिंग कंप्रेसर म्हणतात, तें आधीं बसवावें लागतें. त्याच्या दोन दांड्या समोरासमोर लावून आळीपाळीनें थोड्या थोड्या आवळाव्या. एकच बाजू आवळली तर स्प्रिंग वांकून निसटते. स्प्रिंग दोन्ही बैठकींपासून मोकळी होऊन हातानें हलूं लागली म्हणजेच मधला नट काढावा, आणि त्या वेळींहि तोंड खांबाच्या रेषेंत ठेवूं नये. यंत्राऐवजीं स्प्रिंगला तार गुंडाळणें अगर दोर बांधणें, हे उपाय धाडसाचे दिसले तरी आत्मघाताचे आहेत.

खांब उघडला आहे तोंच त्याची पूर्ण तपासणी करावी. शॉकअपमधून तेल पाझरत असेल अगर त्याचा दांडा दाबतांना कोठें मोकळा जात असेल, तर तोहि बदलावा. आंतली रबरी ठेप आणि धुळीचें आवरणहि पाहावें. नवा आधार बसवितांना बेअरिंगची बाजू उलटी होऊं देऊं नये, आणि स्प्रिंगचें टोंक तिच्या बैठकींतील खांचेला बरोबर टेकवावें. मधला नट शक्यतों नवा घ्यावा. तो व बाकीचे बोल्ट किती जोरानें आवळावे, याचे आंकडे गाडीच्या पुस्तिकेंत असतात. ते अंदाजानें नव्हे, तर टॉर्क पान्यानें पाळावे. मग यंत्र हळूहळू सैल करून खांब परत जागेवर चढवावा. खालच्या भुजेचा बुश सैल केला असेल, तर त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचा आवळावा. लोंबत्या अवस्थेंत आवळलेलें रबर कायमचें पिळलेलें राहतें आणि लौकर फाटतें.

दोन्ही बाजूंचे आधार एकाच वेळीं बदलणें श्रेयस्कर, कारण दोघांनीं सारखेच रस्ते पाहिलेले असतात. एक नवा आणि एक जुना ठेवला तर दोन्ही चाकांचे धक्के वेगवेगळे जिरतात. काम संपल्यावर चाकांचें अलाइनमेंट करून घेणें हा खर्चाचा नव्हे, बचतीचा भाग आहे. तें न केल्यास नव्या आधारासाठीं वाचविलेले पैसे टायरवर खर्च होतात.

ज्याच्याजवळ स्प्रिंग आवळण्याचें यंत्र आणि भक्कम घोडी नाहीं, त्यानें हें काम घरीं करूं नये. परंतु तें गॅरेजमध्यें देणाऱ्यासहि वरील माहितीवरून चार प्रश्न विचारतां येतात : बॉल जॉइंट व बुश तपासले काय? बेअरिंग नवें घातलें काय? दोन्ही बाजू बदलल्या काय? आणि अलाइनमेंट झालें काय? चांगल्या कारागिरास अशा प्रश्नांचा राग येत नाहीं. उलट त्याच्या कामाची किंमत गिऱ्हाइकाला कळली, याचें त्याला समाधान वाटतें.

धानोऱ्याहून भरलेली पिकअप सुखरूप बाजारांत पोंचते, तेव्हां श्रेय चालकाला आणि इंजिनाला मिळतें. पत्र्याखालीं दडलेल्या रबराच्या चकतीची आठवण कोणास होत नाहीं. ती बिघडण्यापूर्वीं फार दिवस आवाज करून सूचना देते. त्या सूचनेकडे वेळीं लक्ष दिलें तर खर्च एका लहान भागाचा आणि कांहीं तासांचा होतो. न दिलें तर पुढें टायर जातो, शॉकअप जातो, आणि भरल्या गाडीनें उतार उतरतांना स्टेअरिंग हाताला नीट उत्तर देईनासें होतें. रस्त्यावर ती वेळ येऊं न देणें हें मालकाच्या कानांवर अवलंबून आहे.