वेळअमावस्येचं ताट रोजचं व्हावं

मार्गशीर्षातली वेळअमावस्या आली की लातूर-धाराशिव आणि त्यांना लागून असलेल्या बीडच्या पट्ट्यातली कुटुंबं बैलगाड्यांतून, मोटारसायकलींवरून शेताकडे निघतात. त्या दिवसाचा मान भज्जीचा. ओल्या तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर असं शिवारात मिळेल ते एका पातेल्यात पडतं. वरून चिंचेचा कोळ आणि बेसन. सोबत ज्वारी-बाजरीचे उंडे आणि ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेलं आंबील.

आहारतज्ज्ञ ज्याला समतोल ताट म्हणतात, ते हेच. धान्य, डाळी, पालेभाजी, आंबवलेलं ताक, सगळं एका पंगतीत, आणि त्यातलं बरंचसं घरच्या शेतातलं.

ज्वारी, तूर, हरभरा, करडई ही या भागाची जुनी पिकं. तरीही गेल्या काही दशकांत भाकरीची जागा पोळी आणि भाताने घेतली. त्यात दोष घरच्या बाईचा नाही. रेशनवर प्रामुख्याने गहू-तांदूळच मिळत आले, आणि भाकरी थापायला वेळ लागतो, हातही लागतो. पण शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तितकाच चोथा असतो. चोथ्यामुळे पोट भरलेलं राहतं, साखर हळू चढते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेबरोबर २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हा लोह आणि जस्त जास्त असलेला ज्वारीचा वाण दिला, तो या भागाची गरज ओळखूनच.

गरज मोठी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यावर घरातच करता येण्याजोगं बरंच आहे. भाजीवर लिंबू पिळलं की पालेभाजीतलं लोह अंगी जास्त लागतं. जेवणावर लगेच घेतलेला चहा ते अडवतो. चहा तासाभराने घेतला, तर पैसाही खर्च न होता फरक पडतो. रक्तक्षय जास्त असेल तर मात्र आरोग्य केंद्रातून तपासणी करून गोळ्या घ्यायलाच हव्यात.

प्रथिनांसाठी तरुण पोरं हल्ली डब्यातल्या पावडरीच्या मागे लागतात. स्नायू वाढवण्यासाठी अशी पूरकं टाळा, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलं आहे. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. धान्यात जे अमिनो आम्ल कमी पडतं ते डाळ भरून काढते, म्हणून भाकरी आणि वरण, किंवा भाकरी आणि मटकीची उसळ ही जोडी एकट्या भाकरीपेक्षा सरस. पोराच्या हातात रोज देण्यात येणारं कुरकुऱ्यांचं पाकीट महिन्याला जेवढे पैसे खातं, तेवढ्यात घरात शेंगदाणे आणि गूळ येतो.

व्यायामाचं गणित माणसागणिक वेगळं. दिवसभर खुरपणाऱ्या किंवा हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला पायी फिरण्याचा सल्ला देणं म्हणजे तिच्या कष्टाकडे डोळेझाक करणं; तिला हवी आहे विश्रांती आणि पोटभर चांगलं जेवण. दुकानदार, शिक्षक, ड्रायव्हर, मोबाइलवर बसून राहणारी मुलं यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे: मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं झपझप चालणं किंवा तेवढ्याच श्रमाचं काम, आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. मुलांनी तर रोज तासभर खेळायला हवं. जोर-बैठका आणि सूर्यनमस्काराला जिमची फी लागत नाही.

आणि एक गोष्ट घरातल्या पुरुषांनी आजपासून करावी. अनेक घरांत बाई सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं खाते. डाळ तळाशी गेलेली, भाजी संपलेली. तिचं ताट सगळ्यांबरोबर वाढा, आणि डाळ-भाजीचा पहिला डाव तिच्या ताटात पडू द्या.