‘यूपीएस आहे ना!’

मिरजगाव-कर्जत भागात सर्व्हरची कामं करणाऱ्या माणसाने हे वाक्य किती वेळा ऐकावं, याला काही सुमार नाही. पतसंस्था असो, शाळेचं कार्यालय असो की दूध संकलनाचं केंद्र. लाइट गेल्यावर तुमच्या सर्व्हरचं काय होतं, असं विचारलं की समोरचे टेबलाखाली बोट दाखवतात. तिथं एक काळा डबा असतो, त्यावर हिरवा दिवा असतो. “अहो सर, यूपीएस आहे ना!” विषय संपला.

गेल्या मे महिन्यात मिरजगावजवळच्या एका संस्थेतून सकाळी फोन आला. वळवाच्या पावसात रात्री कुठंतरी तारेवर फांदी पडली होती, लाइट पहाटेनंतर आली, आणि हिशेबाचा डेटाबेस उघडत नव्हता. एकच सर्व्हर, त्यात चार व्हर्च्युअल मशीन: एकात हिशेब, दुसऱ्यात फाइली, तिसऱ्यात हजेरी, चौथ्यात कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. राखणदार म्हणाला, लाइट अडीचच्या सुमारास गेली. सर्व्हरच्या नोंदीत तसा उल्लेखच नाही. सगळं सुरळीत चालल्याच्या नोंदी आणि ३ वाजून ८ मिनिटांनी एकदम पुढे काहीच नाही. म्हणजे यूपीएसने पाऊण तासाच्या आत-बाहेर इमानेइतबारे वीज पुरवली आणि शेवटपर्यंत सर्व्हरला पत्ता लागला नाही. यूपीएसमागे हात घातला तर यूएसबीचं चौकोनी भोक मोकळं. सोबत आलेली केबल कुठंय, विचारलं. शिपायाने प्रिंटरकडे बोट केलं. प्रिंटरची केबल उंदराने कुरतडली, ही नुसती पडून होती, म्हणून लावली. त्याचं काही चुकलं नाही. ती केबल कशासाठी असते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि ज्याने यूपीएस बसवला त्यालाही ते ठाऊक असावं असं वाटत नाही.

तर, पहिल्यापासून. यूपीएस सर्व्हरला फक्त काही मिनिटं मिळवून देतो. त्या मिनिटांत सर्व्हरने आवराआवर करून बंद व्हायचं असतं. पण भिंतीतली वीज आणि बॅटरीतली वीज यांतला फरक सर्व्हरला ओळखू येत नाही. ‘आता बॅटरीवर आलोय’, ‘इतके टक्के उरलेत’, ‘संपत आली’ हे निरोप त्या केबलमधून जातात. केबल नसेल तर यूपीएस नुसता टीं-टीं करत बसतो. रात्री अडीच वाजता, कुलूप लावलेल्या कार्यालयात.

केबल जोडली म्हणजे झालं, असंही नाही. निरोप ऐकणारं कोणीतरी पलीकडे हवं. विंडोज बहुतेक यूएसबी यूपीएसना लॅपटॉपच्या बॅटरीसारखं ओळखतं. लिनक्ससाठी ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ नावाची प्रणाली आहे, तिला सगळे ‘नट’ म्हणतात, ती फुकट मिळते. व्हर्च्युअल मशीन चालवणारं प्रॉक्समॉक्स हे डेबियन लिनक्सवरच उभं असल्यामुळे नट थेट होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवरच, बसवता येतं. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयचं मात्र नुसत्या यूएसबी केबलवर भागत नाही. तिथं यूपीएसला नेटवर्क कार्ड लावा, नाहीतर रास्पबेरी पायसारखा छोटा कॉम्प्युटर मध्ये ठेवा. तो यूपीएसचं ऐकतो आणि होस्टला बंद व्हायला सांगतो. काही जण हे काम आतल्याच एखाद्या व्हर्च्युअल मशीनला देतात. जमतं, पण मग ते मशीन सगळ्यांत शेवटी झोपलं पाहिजे. निरोप्याच आधी झोपला तर बाकीचे जागेच राहतात.

निरोप नेटवर्कवरून जाणार असेल तर मधला स्विचसुद्धा यूपीएसवर हवा. हे सांगावं लागू नये, पण लागतं. सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच साध्या बोर्डावर, असं मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलंय. लाइट जाते, स्विच मरतो, निरोप वाटेतच राहतो.

एवढं झालं की पुढचं वाक्य येतं: “होस्ट बंद झाला की आतली मशीन आपोआप बंद होतात.” होतात, पण कशी? हायपर-व्हीमध्ये आधीपासून ठरलेला पर्याय ‘सेव्ह’ असतो, म्हणजे मशीनच्या मेमरीत जे असेल ते डिस्कवर लिहून ठेवायचं. मेमरी मोठी आणि डिस्क सुस्त असेल तर यालाच बराच वेळ जातो. ईएसएक्सआयमध्ये ‘पॉवर ऑफ’, ‘सस्पेंड’ आणि ‘गेस्ट शटडाऊन’ असे वेगवेगळे पर्याय आहेत. ‘पॉवर ऑफ’ म्हणजे आतल्या मशीनच्या दृष्टीने पुन्हा लाइट जाणंच. ‘गेस्ट शटडाऊन’ हवा असेल तर आत व्हीएमवेअर टूल्स बसवलेली असावी लागतात. प्रॉक्समॉक्स प्रत्येक मशीनची १८० सेकंद वाट पाहतं, तोवर बंद झालं नाही तर ते पाडतं. आणि नेमकं त्याच वेळी आतलं विंडोज ‘अपडेट सुरू आहेत, कॉम्प्युटर बंद करू नका’ असा फलक लावून बसलेलं असतं.

म्हणून हिशेब शेवटाकडून मांडायचा. समजा, डेटाबेसच्या मशीनला नीट बंद व्हायला ४ मिनिटं लागतात, बाकीच्यांना मिळून ३, होस्टला स्वतःला २. झाली ९. वेगळ्या डब्यात स्टोरेज असेल तर ते सर्वांत शेवटी, त्याची वेगळी. ते आधी गेलं तर मशीनना आपला डेटा कुठं लिहावा तेच कळत नाही. यावर निम्मी मिनिटं राखीव धरा. म्हणजे बॅटरीत किमान १४-१५ मिनिटं उरलेली असतानाच बंद करायला सुरुवात झाली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी यूपीएसच्या ‘बॅटरी संपत आली’ या इशाऱ्यावर सगळं सोडलेलं असतं. तो इशारा अगदी शेवटी येतो. एका साध्या मशीनला तो पुरतो, चार संसार एकाच चुलीवर असतील तर पुरत नाही.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट शहरातल्या माहितीपत्रकांत सापडत नाही. लाइट असतानाही यूपीएस बॅटरीवर असू शकतो. मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, दिवे मिणमिणतात, आणि ठरावीक मर्यादेखाली गेलं की यूपीएस भिंतीतली वीज नाकारून बॅटरी काढतो. संध्याकाळभर असं पाच-सात वेळा झालं की रात्री खरोखर लाइट जाते तेव्हा बॅटरी आधीच अर्धी झालेली असते. “पण हा तर चाळीस मिनिटं चालतो!” चालायचा. नवा असताना, पूर्ण भरलेला असताना. त्यामुळे सर्व्हर कधी बंद करायचा, हे लाइट जाऊन किती मिनिटं झाली त्यावर ठरवू नका, बॅटरीत किती उरलंय त्यावर ठरवा.

बॅटरी म्हातारी होते हेही लोक विसरतात. या बंद लेड-ॲसिड बॅटऱ्या साधारण ३ ते ५ वर्षं टिकतात, तेही २५ अंशांच्या आसपास. त्यावर दर १० अंशांना आयुष्य निम्मं, हा जुना ठोकताळा. नगर जिल्ह्याच्या मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत, कपाटामागे कोंबलेल्या यूपीएसचं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा.

“चांगला डेटाबेस स्वतःच सावरतो.” हे अर्धं खरं आहे. चांगले डेटाबेस कोणताही बदल आधी एका नोंदवहीत लिहितात आणि मग जागेवर नेतात. मध्येच वीज गेली तर नोंदवही वाचून सावरतात. पण त्यासाठी डिस्कने ‘लिहिलं’ म्हटल्यावर खरोखर लिहिलेलं असावं लागतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये डेटाबेस आणि डिस्क यांच्यामध्ये आणखी एक थर येतो. तिथं वेगासाठी कोणी लिखाण मेमरीत साठवायची सोय चालू करून ठेवली असेल तर ते ‘लिहिलं’ खोटं ठरतं.

“एसएसडीत फिरणारं काही नाही, तिला काही होत नाही.” ज्यांना शंका असेल त्यांच्यासाठी: ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्सच्या संशोधकांनी १५ एसएसडींची वीज तीन हजारांहून जास्त वेळा मुद्दाम तोडून पाहिली. त्यांतल्या १३ एसएसडी अपेक्षेप्रमाणे वागल्या नाहीत, आणि त्यांत महागड्या ‘एंटरप्राइज’ वर्गातल्याही होत्या. हा निबंध २०१३च्या ‘फास्ट’ परिषदेत सादर झाला.

“दोन होस्ट आहेत, एक पडला तर दुसरा उचलतो.” दोन्ही एकाच यूपीएसवर असतील तर दोघे एकदमच पडतात.

“जनरेटर आहे.” असू दे. डिझेल आहे का, ते बघा. छोट्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी हलत असेल तर यूपीएस ती वीज घेत नाही आणि जनरेटर धडधडत असताना बॅटरी संपते.

“आमच्याकडे लाइट जातच नाही.” हे मुंबईचे मित्र म्हणायचे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी, सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला, कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्ही वाहिन्यांच्या बिघाडातून मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली आणि लोकल रुळांवरच थांबल्या. तेव्हापासून ते जरा कमी बोलतात. आम्हाला निदान सवय तरी आहे.

राहिली लाइट परत येण्याची वेळ. तिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. २७ मे २०१७ रोजी ब्रिटिश एअरवेजच्या हीथ्रोजवळच्या डेटा सेंटरमध्ये वीज तुटली, पण मोठं नुकसान ती बेबंदपणे परत जोडली गेल्यामुळे झालं, असं कंपनीनेच सांगितलं. सुमारे ७५,००० प्रवासी अडकले. आपल्याकडे त्याची गावठी आवृत्ती रोज घडते: लाइट येते, पाच मिनिटांत पुन्हा जाते, आणि तोवर रिकाम्या बॅटरीवर सर्व्हर अर्धा सुरू झालेला असतो. बॅटरी ठरावीक टक्के भरेपर्यंत सर्व्हरला वीज न देण्याची सोय पुष्कळ यूपीएसमध्ये असते. ती चालू करा.

याच्या उलटही होतं. सर्व्हर शहाण्यासारखा बंद झाला, आणि बॅटरी पूर्ण संपायच्या आत लाइट आली. सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही, मग तो उठणार कशाला? यासाठी सर्व्हर बंद झाल्यावर यूपीएसने स्वतःचा पुरवठा तोडायचा आणि लाइट आल्यावर पुन्हा द्यायचा, असा हुकूम नटमधून देता येतो. त्याच्या जोडीला बायोसमध्ये वीज परत आल्यावर ‘पॉवर ऑन’ निवडा. पुष्कळ जण ‘लास्ट स्टेट’ ठेवतात. नीट बंद झालेल्या सर्व्हरची शेवटची अवस्था ‘बंद’ हीच असते, त्यामुळे तो बंदच राहतो आणि सकाळी शाखेतून फोन येतो की यूपीएस खराब झाला.

हे सगळं कागदावर जुळवून उपयोग नाही. वळीव सुरू होण्याआधीचा एखादा रविवार काढा. आदल्या दिवशी बॅकअप घ्या. प्लग उपटू नका, त्याने अर्थिंगही सुटतं, एमसीबी पाडा. खुर्ची ओढून समोर बसा, कोणतं मशीन किती मिनिटांत बंद झालं ते घड्याळ लावून लिहा, आणि तो कागद बॅटरी बदलल्याच्या तारखेसह यूपीएसच्या पाठीवर चिकटवा.