घारापुरी : बेटावरील ग्रामजीवन

घारापुरी हे मुंबई बंदरातील एक बेट व त्यावरील त्याच नावाचे गाव होय. प्रशासकीय दृष्ट्या ते रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. मुंबईच्या अपोलो बंदरापासून ते सु. १० किमी. पूर्वेस, तर शिवडीच्या किनाऱ्यापासून सु. ८ किमी. आग्नेयीस आहे. शैव लेण्यांमुळे ते जगभर ज्ञात असले, तरी लेण्यांच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या ग्रामस्थांच्या जीवनाकडे पर्यटकांचे लक्ष क्वचितच जाते. महानगराचे दिवे डोळ्यांसमोर असूनही दुर्गम राहिलेले गाव, असे त्याचे वर्णन करता येईल. येथील दुर्गमता अंतराची नसून पाण्याची, ऋतूची आणि रात्रीची आहे.

भूरचना व हवामान : बेटाची लांबी सु. २·४ किमी. असून ते बेसाल्ट खडकाचे आहे. मध्ये दरी असलेल्या दोन टेकड्यांपैकी पश्चिमेकडील सु. १७० मी. उंच आहे. पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. उतारांवर आंबा, चिंच, करंज व ताड हे वृक्ष आढळतात. किनाऱ्यालगत चिखलवट भूमी व खारफुटीचे पट्टे आहेत. हवामान उष्ण कटिबंधीय, सागरी व दमट असून बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. भरपूर पाऊस पडूनही उतारांवरून तो समुद्रास मिळतो. त्यामुळे विहिरी व पावसाचे पाणी अडविणारे लहान धरण यांवर गावास विसंबावे लागते आणि उन्हाळ्यात टंचाई जाणवते.

इतिहास : मोराबंदर परिसरात सापडलेली रोमन बनावटीच्या कुंभांची खापरे व क्षत्रपकालीन नाणी यांवरून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत हे बेट सागरी व्यापाराशी निगडित होते, असे दिसते. पोर्तुगीजांनी किनाऱ्यावरील भव्य पाषाणहत्तीवरून त्यास ‘एलिफंटा’ हे नाव दिले. हा हत्ती १८६४ मध्ये मुंबईस हलविण्यात आला. तो आता भायखळ्यास डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाच्या आवारात आहे. १७७४ मध्ये मराठ्यांकडून बेट इंग्रजांच्या हाती गेले व १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. १९८७ मध्ये लेण्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला.

वस्ती व व्यवसाय : वायव्येस शेतबंदर, ईशान्येस मोराबंदर व दक्षिणेकडे राजबंदर अशा तीन वस्त्या असून त्यांची मिळून लोकसंख्या सु. १,२०० आहे. कारभार घारापुरी ग्रामपंचायतीमार्फत चालतो. उरण तालुक्यातील इतर किनारी गावांप्रमाणे येथेही आगरी व कोळी समाज प्रमुख आहेत. मासेमारी, होड्यांची दुरुस्ती आणि थोडीफार भातशेती हे जुने व्यवसाय होत. त्यांना आता पर्यटनाची जोड मिळाली आहे, किंबहुना पर्यटनानेच त्यांना मागे टाकले आहे. शेतबंदरच्या धक्क्यापासून लेण्यांपर्यंतच्या सु. १२० पायऱ्यांच्या दुतर्फा असलेली दुकाने, खानावळी, वृद्ध पर्यटकांसाठी डोली वाहणे व वाट दाखविणे यांवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. पर्यटकांकडून घेतला जाणारा अल्प कर हे ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाचे एक साधन आहे.

या अर्थव्यवस्थेला दोन मर्यादा आहेत. पहिली ऋतूची : पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद पडतात व दुकाने ओस पडतात, त्याच सुमारास, १ जून ते ३१ जुलै या काळात, यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. परिणामी दोन्ही मिळकती एकदमच आटतात. दुसरी मर्यादा दिवसाची : पर्यटकांस बेटावर रात्री राहण्यास मनाई असल्याने शेवटच्या बोटीबरोबर बाजारही मिटतो. सोमवारी लेणी बंद असतात.

दळणवळण व सोयी : अपोलो बंदरापासून यांत्रिक बोटीने बेटावर पोहोचण्यास सु. एक तास लागतो. उच्च शिक्षण, रुग्णालय, सरकारी कचेरी व मोठा बाजार यांसाठी ग्रामस्थांना उरण, न्हावा वा मुंबई गाठावी लागते. रात्री वा वादळात आजारी माणसास पलीकडे नेणे ही येथील सर्वांत कठीण बाब होय. जलप्रवासातील जोखीम १८ डिसेंबर २०२४ रोजी प्रकर्षाने दिसून आली. त्या दिवशी अपोलो बंदराहून बेटाकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळून १५ जणांचा मृत्यू झाला.

विजेची कहाणी विशेष बोलकी आहे. देश स्वतंत्र होऊन सत्तर वर्षे उलटेपर्यंत गावास नियमित वीज नव्हती. डीझेल जनित्रावर सायंकाळी सु. तीन तास दिवे लागत. शीतकपाट, विजेवरील पंप वा मुलांचा रात्रीचा अभ्यास यांना त्यात फारसा वाव नव्हता. समुद्रतळातून सु. ७·५ किमी. लांबीची २२ किलोव्होल्ट दाबाची वाहिनी टाकून २२ फेब्रुवारी २०१८ रोजी तिन्ही वस्त्यांना अखंड वीज देण्यात आली.

समस्या व भवितव्य : बेटाच्या पश्चिमेस जवाहर द्वीपावरील तेलतळ, उत्तरेस तुर्भे–माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने व आग्नेयीस १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर आहे. जहाजांची वाढती ये-जा व सांडपाणी यांची झळ मासेमारीस बसते. ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया ३’ या जहाजांच्या टकरीनंतर सांडलेले तेल घारापुरी व शिवडीच्या खारफुटीत शिरले. दुसरीकडे, २०१० मधील कायदेदुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मी. पर्यंत बांधकामास बंदी व त्यापुढील २०० मी. पर्यंत नियंत्रण आहे. किनारा-नियमनाची बंधनेही आहेतच. वारशाच्या रक्षणासाठी ती आवश्यक असली, तरी वाढत्या कुटुंबास घराची खोली वाढविणेही त्यांमुळे अवघड होते.

बेटाच्या भवितव्याचा विचार करताना समोरच्या शिवडीचा दाखला उद्‌बोधक ठरतो. परळ बेटाच्या पूर्वकिनाऱ्यावरील शिवडीही एके काळी मासेमारी व मिठागरांचे गाव होते. १६८० मध्ये इंग्रजांनी तेथे किल्ला बांधला. पुढे सात बेटे जोडली जाऊन, भराव, गोद्या, कापसाच्या वखारी व रेल्वे यांमध्ये ते गाव महानगरात विरून गेले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते चिर्ले हा २१·८ किमी. लांबीचा सागरी सेतू (अटल सेतू) खुला झाला. तो घारापुरीच्या उत्तरेकडून जातो, बेटाला मात्र स्पर्श करीत नाही. शिवडीच्या हाजी बंदरापासून बेटापर्यंत सु. ८ किमी. लांबीच्या रज्जुमार्गाची योजना २०१८ च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टने मांडली होती. ती प्रत्यक्षात उतरलेली नाही.

असा मार्ग झाल्यास पावसाळ्यातही पर्यटक येऊ शकतील व रुग्ण वेळेवर पलीकडे जाऊ शकेल; त्याचबरोबर बेटावरील गर्दी, कचरा व पाण्याची मागणी वाढेल आणि व्यापार बाहेरच्यांच्या हाती जाण्याचा संभवही आहे. म्हणून संपर्क वाढविण्याइतकेच तो कोणासाठी व कोणाच्या संमतीने वाढवावा, हे महत्त्वाचे ठरते. रात्रीची व आणीबाणीची खात्रीशीर बोटसेवा, पाणीसाठ्यात वाढ, माध्यमिक शिक्षणाची सोय आणि पर्यटनाच्या उत्पन्नात ग्रामस्थांचा निश्चित वाटा या तुलनेने लहान सुधारणांनी तरुणांचे स्थलांतर रोखण्यास मदत होईल. लेण्यांइतकीच जुनी परंपरा सांगणारी ही वस्ती टिकणे, हा बेटाच्या वारशाच्या जतनाचाच एक भाग होय.