सुरतेचा पतंग : थोडक्यात

दिवस : १४ जानेवारी, उत्तरायण. १५ ला ‘वासी उत्तरायण’. गच्च्या त्या दिवशीही भरलेल्या.

मांजा आणि सद्दी : मांजा म्हणजे काचेची पूड, खळ आणि रंग चढवलेला सुती दोरा, सद्दी कोरी. नऊ तार, बारा तार हे दोऱ्याचे पदर. सुरती मांजा रस्त्याकडेला, खांबांमध्ये दोरा ताणून घोटतात.

डागडुजी : फाटल्या जागी खळीने पातळ कागदाचे ठिगळ, फाटीपेक्षा जेमतेम मोठे; जास्त कागद म्हणजे जास्त वजन. पतंग डावीकडे कलतो? कमानीच्या उजव्या टोकाला कागदाची सुरळी बांधायची. तरीही गिरक्या घेत असेल, तर कन्नी, म्हणजे पतंगाला दोरा जोडणारा बंध, नव्याने.

बंदी : नायलॉन व इतर कृत्रिम मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून देशभर बंदी. हा दोरा कुजत नाही, सहज तुटतही नाही. पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीस्वारांचे गळे चिरतो.